नायोसोम तळाशी बसतात, औषध गळतं: सूत्र बदलण्याआधी हे तपासा

ही तक्रार दरवर्षी थंडीबरोबर येते. नाशिकला डिसेंबरात सकाळचा पारा दहाच्या आसपास घुटमळायला लागला, की एम.फार्म.च्या कुणातरी मुलाचा फोन येतोच. "मॅडम, परत बसलं." पुढचं मला पाठ आहे. काल संध्याकाळी छान दुधासारखं दिसत होतं, आज सकाळी बाटलीच्या तळाशी पांढरा थर आणि वर निवळ पाणी. गाइड म्हणतात गुणोत्तर बदल. मुलानं सर्फॅक्टंट-कोलेस्टेरॉलचं एकास एकचं दोनास एक केलं, मग एकास दोन केलं, दोन आठवडे गेले आणि कोलेस्टेरॉलची बाटली अर्धी झाली.

मी गेली बरीच वर्षं फार्मसीच्या प्रयोगशाळेत हेच निस्तरतेय. माझ्यापुढे आलेल्या अशा बॅचेसमध्ये सूत्र चुकलेलं क्वचितच सापडलं. चूक बहुतेक तापमानात असते, नाहीतर मोजण्यात. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! (आपलं सोमेश्वर गंगापूर रोडला आहे, तिथल्या धबधब्यावर जाऊन बसलात तरी बॅच सुधारणार नाही.)

नव्यांसाठी दोन ओळी. नायोसोम म्हणजे आयनरहित सर्फॅक्टंटच्या (पाण्याकडे ओढणारं डोकं आणि तेलकट शेपटी असलेल्या, प्रभार नसलेल्या साबणासारख्या रेणूंच्या) दुहेरी थराची सूक्ष्म पोकळ गोळी. पाण्यात विरघळणारं औषध पोकळीत बसतं, तेलात विरघळणारं भिंतीत. १९७०च्या दशकात लोरेआलनं सौंदर्यप्रसाधनांसाठी यावर काम केलं. १९८०च्या दशकात ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठात काळा आजारावरचं सोडियम स्टिबोग्लुकोनेट यात भरून उंदरांवर पाहिलं गेलं. लायपोसोमच्या (अशाच, पण फॉस्फोलिपिडच्या गोळ्या) फॉस्फोलिपिडपेक्षा स्पॅन हा सर्फॅक्टंट खूप स्वस्त आणि हवेत लवकर खराब न होणारा, म्हणून आपल्याकडच्या कॉलेजांत याचे प्रोजेक्ट जास्त. खाली लिहिलंय ते स्पॅन ६०, कोलेस्टेरॉल आणि पातळ फिल्म भिजवण्याची पद्धत धरून: सगळं क्लोरोफॉर्म-मिथेनॉलमध्ये विरघळवायचं, फिरत्या फ्लास्कमध्ये ते उडवून भिंतीवर फिल्म धरायची आणि तिच्यावर गरम बफर ओतायचा.

लक्षणं

तुमच्या बाटलीत नेमकं काय होतंय ते आधी ठरवा, कारण "बसलं" या एका शब्दात चार वेगळे आजार लपलेले असतात.

तळाशी थर, पण बाटली हळू उलटी-सुलटी केली की पुन्हा एकसारखं दूध: मोठ्या, अनेक थरांच्या गोळ्या वजनानं खाली बसल्यात. हा आजार नाहीच म्हटलं तरी चालेल.

तळाशी थर आणि हलवल्यावर दह्यासारखे कण फिरतात: गोळ्या एकमेकींना चिकटल्यात किंवा फिल्म नीट भिजलीच नाही.

फ्लास्कच्या भिंतीला मेणासारखे पापुद्रे राहिलेत, पाणी अर्धवट गढूळ: भिजवताना तापमान पडलं. डिसेंबरातला नेहमीचा गडी हाच.

दिसायला सगळं उत्तम, पण सापळ्यात अडकलेल्या औषधाची टक्केवारी दर आठवड्याला घसरते, किंवा पहिल्याच दिवशी संशय यावा इतकी जास्त येते, ९८-९९: इथे गळती असेल किंवा मोजणी खोटी असेल. मोजणीवर मी खाली जरा जास्त लिहिलंय.

फुकटातल्या तपासण्या

सगळ्यात आधी फ्रिज. बाटली मागच्या भिंतीला टेकून ठेवली होती का? कॉलेजच्या जुन्या फ्रिजमध्ये मागे बर्फ धरतो, आणि २ ते ८ अंशांच्या नावाखाली नमुना रात्रभर गोठून निघतो. बर्फाचे स्फटिक भिंती फाडतात. शिवाय सोडियम फॉस्फेटचा बफर गोठताना त्यातलं डायसोडियम मीठ आधी स्फटिक होऊन बाजूला पडतं आणि उरलेल्या द्रवाचा पीएच घसरतो, म्हणजे मार दुहेरी. एकदा गोठलेली बॅच फेकून द्या, तिच्यावर एकही चाचणी करू नका.

मग सर्फॅक्टंटच्या बरणीवरचं लेबल आणि आतला माल. स्पॅन ६० म्हणजे सॉर्बिटान मोनोस्टिअरेट, फिकट मेणासारखा घन. बरणीतून पिवळसर-तपकिरी दाट तेल ओतलं जात असेल तर तो स्पॅन ८० आहे. त्याच्या शेपटीत दुहेरी बंध असतो, तिथे ती वाकते, शेपट्या घट्ट रचल्या जात नाहीत आणि भिंत पाझरते. "एचएलबी तर जवळजवळ सारखा, ४.७ आणि ४.३" हा युक्तिवाद मी दोनदा ऐकलाय. एचएलबी डोकं आणि शेपटी यांचा तोल सांगतो, शेपटी सरळ की वाकडी हे सांगत नाही.

तिसरं, वजनाचा कागद. गुणोत्तर मोलचं (म्हणजे रेणूंच्या संख्येचं) होतं की वजनाचं? स्पॅन ६०चं रेणुभार ४३०.६ आणि कोलेस्टेरॉलचं ३८६.७, त्यामुळे एकास एकमध्ये गोंधळ झाला तरी फरक दहा टक्क्यांच्या आसपासच पडतो आणि बॅच निभावून नेते. तोच विद्यार्थी पुढच्या महिन्यात ट्वीन ६० या दुसऱ्या सर्फॅक्टंटकडे वळतो तेव्हा फसतो. त्याचं रेणुभार सुमारे १३१२. वजनानं एकास एक घेतलं तर ट्वीनच्या प्रत्येक रेणूमागे कोलेस्टेरॉलचे साडेतीनच्या जवळपास रेणू जातात. एवढं कोलेस्टेरॉल भिंतीत मावत नाही, जास्तीचं स्फटिक होऊन वेगळं पडतं आणि पोरं म्हणतात, ट्वीन बेकार आहे.

गोळ्यांना ऋण प्रभार देण्यासाठी डायसेटिल फॉस्फेट घालत असाल तर त्याचंही वजन पाहून घ्या. १०० मायक्रोमोल स्पॅनला १० मायक्रोमोल घ्यायचं तर साडेपाच मिलिग्रॅम भरतं. पंखा चालू असलेल्या खोलीत, चार दशांशाच्या काट्यावर, बटर पेपरवर साडेपाच मिलिग्रॅम मोजणं म्हणजे देवावर हवाला. ५५ मिलिग्रॅम १० मिली क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवा आणि त्यातलं १ मिली पिपेटनं घ्या.

थर्मामीटर

सूत्राला हात लावण्याआधी करायची तपासणी हीच. खर्च एका थर्मामीटरचा.

स्पॅन ६०च्या शेपट्या साधारण ५३ अंशांच्या खाली थिजलेल्या असतात, वर गेल्या की सैल होतात. स्पॅन ४०ला हा उंबरठा बेचाळीस-पंचेचाळीसच्या आसपास येतो. कोलेस्टेरॉल भरपूर असलं की उंबरठा पुसट होतो हे खरं, पण कोरडी फिल्म पाणी पिऊन फुगते आणि तिचे पापुद्रे सुटून गोळ्या बंद होतात त्या अर्ध्या-पाऊण तासात सगळं उंबरठ्याच्या वर असावंच लागतं. थंडीत तुपाचा डबा आठवा. थिजलेल्या तुपावर गार पाणी ओतून ढवळलंत तर तुकडे होतील, दूध होणार नाही.

आता नाशिकच्या डिसेंबरात काय होतं ते बघा. फ्लास्क ज्यात फिरतो त्या गरम पाण्याच्या बाथवर ६० लिहिलेलं असतं. बफरची बाटली खिडकीशेजारच्या ओट्यावर रात्रभर राहिलेली, आतलं पाणी १५-१६ अंशांवर. मुलगा सकाळी येतो, फिल्म छान झालेली असते, आणि तो १० मिली गार बफर थेट फ्लास्कमध्ये ओततो. फिल्म केसाइतकीही जाड नसते, तिला स्वतःची अशी उष्णताच नाही. क्षणात थिजते. बाथ ते पाणी परत तापवेपर्यंत काही मिनिटं जातात, तोवर पापुद्रे गुंडाळून गोळे झालेले असतात. रव्यात गार पाणी घालून शिरा केलाय का कधी? गुठळी एकदा झाली की नंतर कितीही आच दिली तरी आतून कोरडीच राहते.

तेव्हा बफर त्याच बाथमध्ये बुडवून आधी ६०वर आणा. फ्लास्कही गार नको, दोन-चार मिनिटं फिरत तापू द्या. मग ओता.

दुसरी गोष्ट, बाथच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. तो आकडा सेन्सरपाशी असतो, तुमचा द्रव फ्लास्कच्या आत असतो. एकदा एका मुलीच्या सलग चार बॅचेस गेल्यावर मी तिच्या फ्लास्कमध्ये १० मिली साधं पाणी घालून वीस मिनिटं फिरवायला लावलं आणि आत थर्मामीटर घातला. बाथवर ६०, आत ५१. बाथमधलं पाणी दोन बोटं कमी होतं, फ्लास्कचं बूड जेमतेम भिजत होतं आणि वर पंखा गरगरत होता. पाणी भरलं, पंखा बंद केला, आत ५८ आले. पाचवी बॅच लागली. सूत्र तेच, पहिल्या दिवसाचं.

तिसरी जागा कुणाच्याच लक्षात येत नाही, ती म्हणजे बाथ सोनिकेटर, ध्वनिलहरींनी गोळ्या लहान करणारं यंत्र. साठ अंशांवर बनवलेला माल काढायचा आणि नळाच्या गार पाण्यानं भरलेल्या सोनिकेटरमध्ये सोडायचा! थिजलेली भिंत ध्वनिलहरींनी तुटते, पण तुटलेल्या कडा नीट जुळत नाहीत, आणि आतलं औषध तेवढ्यात बाहेर पडतं. सोनिकेटरमध्येही गरम पाणी घाला. पॉलिकार्बोनेट पडद्यातून दाबून काढत असाल तर ते यंत्रही गरम हवं.

भिजवताना वीज गेली तर बाथ किती वेळात किती उतरला ते वहीत लिहा. "थोडा वेळ गेली होती" या नोंदीवरून नंतर काहीही कळत नाही.

फिल्म आणि व्हॅक्यूम

फिल्म फ्लास्कच्या आतून धुक्यासारखी पसरलेली हवी. एका बाजूला जाड पांढरा ओघळ असेल तर फिरण्याचा वेग कमी होता किंवा फ्लास्क लहान होता. मोठा फ्लास्क घ्या, क्लोरोफॉर्म-मिथेनॉल (२:१) थोडं जास्त घ्या, निर्वात हळूहळू वाढवा. बुडबुडे उठले तर फिल्मला भोकं पडतात.

पाण्याच्या जेटवर चालणारा व्हॅक्यूम असेल तर उन्हाळ्यात वेगळा त्रास होतो. असा पंप पाण्याच्या स्वतःच्या बाष्पदाबाखाली जाऊच शकत नाही. २० अंशांच्या पाण्याला तो साडेसतरा मिलिमीटर पारा, ३५ अंशांच्या पाण्याला ४२. एप्रिलात गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देतं. फिल्म कोरडी वाटते, आत क्लोरोफॉर्म शिल्लक असतो, आणि तो भिंत सैल ठेवून हळूहळू गळती करतो. म्हणून रोटावरून (फ्लास्क फिरवून द्रावक उडवणाऱ्या यंत्रावरून) काढल्यावर फिल्म रात्रभर व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेवायचीच. औषधातल्या शिल्लक क्लोरोफॉर्मची आंतरराष्ट्रीय मर्यादा ६० पीपीएम आहे, मिथेनॉलची ३०००. वासावरून ६० पीपीएम कळत नाही.

आणि भिजवताना व्हॅक्यूम बंद. साठ अंशांवर निर्वात चालू ठेवलात तर पाणी उकळून कंडेन्सरमध्ये जाईल, सोबत तुमचा मालही. हसू नका, माझ्याकडे अशी बॅच आलीये.

सूक्ष्मदर्शक

एक थेंब, काचपट्टी, आधी ४० आणि मग १००चं तेलातलं भिंग. शंभर-दोनशे नॅनोमीटरच्या गोळ्या यात दिसणार नाहीत, पण सोनिकेशनच्या आधीच्या मोठ्या गोळ्या दिसतात, आणि मुख्य म्हणजे सुया दिसतात. सुया किंवा चौकटी म्हणजे स्फटिक: औषधाचे किंवा कोलेस्टेरॉलचे. शंका असेल तर ध्रुवित प्रकाशात पाहा. अनेक थरांच्या गोळीत काळी फुली उमटते, स्फटिक सबंध चमकतो आणि पट्टी फिरवली की विझतो. दोन मिनिटांचं काम, आणि पुढचा सगळा हिशेब यावर ठरतो.

मोजणीच खोटी असेल तर

सापळा टक्केवारी काढायची नेहमीची रीत अशी: सेंट्रिफ्यूज करायचं, वरच्या पाण्यातलं औषध म्हणजे मोकळं, एकूणातून ते वजा केलं की उरलं ते अडकलेलं. यात दोन चुका दडलेल्या आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट जातात.

केटोकोनाझोलसारखं पाण्यात न विरघळणारं औषध मोकळं राहिलं तर ते पाण्यात राहतच नाही. त्याचे स्फटिक होऊन गोळ्यांबरोबर तळाशी जातात. वर पाणी स्वच्छ, टक्केवारी ९९, मुलगा खूश. म्हणून आधी सूक्ष्मदर्शक म्हटलं. सुया दिसल्या तर ती ९९ पुसून टाका.

उलट, सोनिकेशन करून गोळ्या शंभर नॅनोमीटरच्या खाली नेल्या असतील तर साध्या सेंट्रिफ्यूजमध्ये त्या पूर्ण खाली बसत नाहीत. वरचं पाणी किंचित निळसर-धुरकट राहतं, त्यातल्या गोळ्यांमधलं औषधही "मोकळं" म्हणून मोजलं जातं आणि टक्केवारी उगाच कमी येते. शिवाय धुरकट पाणी प्रकाश विखुरतं, तेही यूव्ही यंत्रावर औषध मोजताना आकड्यात मिसळतं. औषधाशिवाय बनवलेले कोरे नायोसोम त्याच पद्धतीनं फिरवून ब्लँक म्हणून लावा.

पेपरात १५,००० आरपीएम लिहिलंय म्हणून तुम्ही १५,००० लावता. आरपीएमला एकट्याला अर्थ नाही, रोटरची त्रिज्या लागते. ८ सेंटिमीटरला १५,००० म्हणजे सुमारे २०,००० जी (गुरुत्वाच्या इतके पट ओढ), आणि १०,००० म्हणजे फक्त ९,०००च्या आसपास. जी काढा आणि तोच लिहा.

यातून सुटायचा मार्ग म्हणजे जमाखर्च. तळाचा साका आयसोप्रोपेनॉल किंवा मिथेनॉलनं फोडून त्यातलं औषध प्रत्यक्ष मोजा, वरचं मोजा, फ्लास्क मिथेनॉलनं खंगाळून तेही मोजा. तिन्हींची बेरीज घातलेल्या औषधाच्या ९५ ते १०५ टक्क्यांत आली पाहिजे. मी बेरीज मागितली की निम्मी मुलं गप्प होतात.

बेरीज कमी आली तर औषध गळालं नसेल, मेलं असेल. हळदीच्या कर्क्युमिनवर दरवर्षी एक तरी प्रोजेक्ट असतो. पीएच ७.२च्या फॉस्फेट बफरमध्ये, ३७ अंशांवर, मोकळं कर्क्युमिन अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के नष्ट होतं. म्हणजे डायलिसिसच्या (नमुना पाझरत्या नळीत घालून बाहेर येणारं औषध मोजण्याच्या) बाहेरच्या पाण्यात ते दिसत नाही, कारण तिथे पोचल्यावर ते टिकतच नाही. यावर सर्फॅक्टंट बदलणं व्यर्थ आहे.

डायलिसिस करत असाल तर नुसतं औषधाचं द्रावणही त्याच नळीत घालून बघा. तेच सहा तास अडकून बसलं, तर तुमचे नायोसोम "सावकाश सोडतात" हा निष्कर्ष नळीचा आहे.

प्रभार आणि आकार

इथवर सगळं ठीक आणि तरी कण चिकटतायत, तर मग झीटा बघा, म्हणजे गोळ्यांवरच्या प्रभाराचा आकडा. ही चाचणी बहुतेक बाहेर पैसे देऊन करावी लागते, म्हणून एवढी खाली ठेवली. उणे किंवा अधिक ३० मिलिव्होल्टच्या पलीकडे असेल तर प्रभारानं गोळ्या लांब राहतात असा ठोकताळा आहे, पण ट्वीनसारखी लांब, पाणी धरणारी डोकी असतील तर कमी आकड्यातही बॅच टिकते. नमुना कशात पातळ केला ते लॅबला विचारा. पीबीएसमधलं (मिठाच्या फॉस्फेट बफरमधलं) मीठ प्रभार झाकतं, आणि शुद्ध पाण्यात पातळ केलं तर आतल्या मिठामुळे पाणी आत घुसून गोळ्या फुगतात. आकारासाठी मी त्याच बफरमध्ये पातळ करायला सांगते. आकारांची पांगापांग दाखवणारा पीडीआय ०.३च्या आत असला की पुरे.

प्रभार खरंच कमी असेल तर डायसेटिल फॉस्फेट घाला, ऋण प्रभार मिळतो. सूत्राला हात लावायची वेळ आता आली, त्याआधी नव्हे. आणि हे करूनही महिनाभरात गळत असेल तर द्रव स्वरूपाचा हट्ट सोडून प्रोनायोसोम करा: सॉर्बिटॉल किंवा माल्टोडेक्स्ट्रिनवर कोरडा थर, वापरायच्या वेळी गरम पाणी.

इथे थांबा

फ्लास्कवर चांदणीसारखी बारीक चीर दिसली तर तो व्हॅक्यूमला लावायचा नाही, आतल्या बाजूला फुटतो. फेकून द्या.

बाथ आकडा दाखवतो पण तापत नाही, हात लावला की झिणझिण्या येतात: प्लग काढा आणि सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा. स्वतः उघडू नका, वर्कशॉपमधल्या दादांनाही उघडायला लावू नका. सेंट्रिफ्यूज तोल साधूनही थरथरतं, किंवा रोटरवर ओरखडा-चीर आहे: तेच. रोटर फुटला तर झाकण पुरं पडेलच असं नाही.

फ्यूम हूड ओढत नसेल तर क्लोरोफॉर्मचं काम त्या दिवशी बंद. टिश्यूची पट्टी आत ओढली जाते का, एवढं बघून घ्या. क्लोरोफॉर्मचा कचरा वेगळ्या बाटलीत, आणि त्यात फ्लास्क धुतलेला ॲसिटोन कधीच नाही. अल्कलीचा अंश असेल तर हे दोघे स्फोटासारखी प्रतिक्रिया देतात. सिंकमध्ये तर नाहीच, ते पाणी शेवटी गोदावरीलाच भेटतं. बाटली भरली की धोकादायक कचरा नेणाऱ्या अधिकृत एजन्सीकडे.

टोचायचं किंवा डोळ्यात घालायचं काही बनवत असाल तर कॉलेजच्या ओट्यावर ते होत नाही. निर्जंतुकीकरण आणि एंडोटॉक्सिनची (जिवाणूंच्या विषाची) चाचणी हे त्या सोयी असलेल्या ठिकाणचं काम आहे. आणि "थोडं हातावर लावून बघितलं" असं सांगणाऱ्या मुलांनो, नका लावू. आत शिल्लक क्लोरोफॉर्म आहे की नाही हे तुम्ही मोजलेलं नाही.

दोन बॅचेस फ्लास्कच्या आत ५५च्या वर भिजवल्या, जमाखर्च जुळला, सुया नाहीत आणि तरी तिसऱ्या दिवशी दही होतंय, तर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची वेळ घ्या आणि गाइडबरोबर बसा. मला विचारायला येणार असाल तर तीन गोष्टी आणा: फ्लास्कच्या आतलं तापमान, साका-पाणी-फ्लास्क यांची बेरीज आणि काचपट्टीचा फोटो. गुणोत्तराचा तक्ता घरीच राहू द्या.